व्हर्सायला राजवाडा सोडून काय हाय? आई-आण्णा सोबत आहेत

मोंढा_परभणी:
राम राम मंडळी. धाकटा भाऊ पॅरिसला शिकायलाय, त्याच्याकडं मे महिन्यात जायलोत, मी, आई आन आण्णा. भावाचा एक दोस्त पॅरिसजवळ व्हर्सायला राहतो, तो सुट्टीत घरी जायलाय म्हणून त्याची खोली दोन रात्री आपल्याला, रविवार आन सोमवार, मंगळवारी संध्याकाळी परत पॅरिस. राजवाड्याचं तिकीट रविवारी सकाळी नऊचं काढून ठेवलंय. आता ज्याला विचारावं तो म्हणतो आरसेमहाल बघा, फोटो काढा अन निघा, गावात काय नाही. मला काय पटंना, एवढ्या मोठ्या राजाचं गाव, सगळं वाड्यातच कोंबलं होतं काय? आण्णा शेतकरी माणूस, सोनं-झुंबरं अर्धा तास बघतील मग म्हणतील चला कुठं तरी टेकू. आईचे गुडघे दुखतात, अन ती पक्की शाकाहारी, अंडंबी नाही. सांगा काय करावं.

खाम_काठ:
भाऊ, "गावात काय नाही" हे ऐकून हसू आलं, कारण आमच्या संभाजीनगरबद्दल लोक हेच म्हणतात. सकाळी विमानानं येतात, वेरूळ, जाता जाता मकबरा, दुसऱ्या दिवशी अजिंठा, की चालले. दरवाजे, गुलमंडी, शहागंज कोण बघतो? मी व्हर्सायला दीड वर्ष नोकरीला होतो अन तिथले लोक हेच रडगाणं गातात, बशी येतात, झेंड्यामागं माणसं उतरतात, वाडा बघून परत बशीत.

आधी वारांचा घोळ निस्तरा. सोमवारी राजवाडा बंद, त्रियानों (बागेतले राजाचे छोटे महाल) बंद, टेनिसचं मैदान (खाली सांगतो) तेबी बंद. अन नोत्र-दाम चौकातला मोठा बाजार उघड्यावर भरतो तो मंगळवार, शुक्रवार, रविवार सकाळी. म्हणजे तुमचा रविवार सकाळचा स्लॉट बाजाराच्या डोक्यावर बसलाय. बदलता आला तर राजवाडा दुपारी करा, सकाळच्या बशी तोपर्यंत पांगायला लागतात. मंगळवारी तर राजवाड्यात पाय ठेवायचा नाही, त्या दिवशी पॅरिसचं लूव्र संग्रहालय बंद असतंय, सगळी जत्रा इकडं.

सोमवारी काय? बागा रोज उघड्या असतात, अन कारंज्यांचा किंवा संगीताचा कार्यक्रम नसेल त्या दिवशी फुकट. रविवारी कारंजी चालू म्हणून बागेलाबी तिकीट पडंल, ते धरून चाला. कारंज्यांचीबी गंमत हाय, ह्या गावाला धड नदी नाही. 1684 मध्ये सेन नदीवर मार्लीला 14 चाकांचं अवाढव्य यंत्र बसवून पाणी डोंगरावर चढवलं तरी सगळी कारंजी एका वेळी चालायची नाहीत, मग राजा जिकडं फिरायला निघंल तिकडची चालू करायची, शिट्टी मारून पुढच्याला इशारा, राजा गेला की मागची बंद. आमच्याकडं मलिक अंबरनं त्याच्या कितीतरी आधी खापराच्या नळांनी डोंगराचं पाणी शहरात आणलं होतं, अन आज नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतंय, ते जाऊ द्या.

चौदावा लुई अख्खा दरबार घेऊन व्हर्सायला राहायला आला ते साल 1682. त्याच साली औरंगजेब फौजफाटा घेऊन आमच्याकडं उतरला. मी तिथं असताना रोज ऑफिसला जाताना हेच डोक्यात यायचं. वाड्यासमोर तीन रुंद रस्ते पंज्यासारखे फुटतात, मधल्याला पॅरिस अव्हेन्यू म्हणतात, अख्खं गाव ह्या आखणीवर बसवलेलं. रस्त्यांच्या बेचक्यात राजाचे तबेले, तबेले म्हणजे आपल्याकडचं एखादं कॉलेज बसंल एवढे. मोठ्या तबेल्यात राजाच्या बग्ग्या ठेवल्यात, आईला आवडतील, चालणंबी कमी.

आता ते टेनिसचं मैदान. झ्यू द पोम म्हणतात, 1686 ची चार भिंतींची एक रिकामी खोली, आत शिरल्यावर वाटतं ह्याच्यासाठी आलो का आपण. पण 20 जून 1789 ला, फ्रेंच राज्यक्रांतीच्या तोंडावर, सामान्य लोकांचे प्रतिनिधी सभागृहावर आले तर दाराला कुलूप, कारण काय तर राजाच्या सभेची तयारी चालूय. मग पाऊस चुकवत ते ह्या खेळायच्या खोलीत घुसले अन शपथ घेतली की राज्यघटना झाल्याशिवाय फुटायचं नाही. एकट्या मार्तां-दोश नावाच्या माणसानं नाही म्हणलं. भिंतीवर मोठं चित्र हाय, त्यात एका कोपऱ्यात हात छातीशी आवळून बसलेला शोधा, तोच तो. सगळी खोली हात वर करून ओरडायलीय अन हा गप. मला त्या गर्दीपेक्षा तोच जास्त आठवतो. ज्या सभागृहाला कुलूप होतं ते पॅरिस अव्हेन्यूवर होतं, ते आता नाही, पण आवार हाय, तिथंच त्या ऑगस्टमध्ये मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला.

मोसंबी_जालना:
सगळ्यांनी वाडे अन क्रांत्या सांगितल्या, आण्णांचं कोणीच बघंना. आण्णांना पोताजे द्यु रुआला न्या, राजाचा मळा. सोमवार सोडून. मी कृषीच्या एका ग्रुपबरोबर गेलतो अन बाकीचे राजवाड्यात होते तेवढा वेळ मी एकटा ह्या मळ्यात.

9 हेक्टर, म्हणजे सव्वाबावीस एकरच्या आसपास. जागा मूळची दलदल, घाण वासाचं तळं. शेजारी राजाच्या स्विस शिपायांकडून मोठा तलाव खोदून घेतला, ती माती इकडं भरली, पण ती माती पिकाच्या कामाची नाही, मग वरच्या टेकडीवरनं चांगली माती वाहून आणली. आपल्याकडं गाळ आणून टाकतो तसंच, फक्त राजाच्या खर्चानं. 1678 ते 83, पाच वर्षं काम. करणारा ला कँतिनी, तो मूळचा वकील बरं का, वकिली सोडून बागायतदार झाला, आमच्याकडं उलटं चालतं.

बघण्यासारखी म्हणजे नाशपातीची झाडं. भिंतीला चिटकवून वाढवलेली, एकदम सपाट, पापड वाळत घातल्यासारखी. खोडापासून दोन फांद्या आडव्या, मग त्या सरळ वर, आपल्या देवघरातल्या समईच्या फाट्यासारखं. काही झाडं तर हाताचा पंजा पसरल्यागत. मी जवळ जाऊन एका फांदीवर किती वेळा छाटणी झाली त्या गाठी मोजायला लागलो, तीसच्या पुढं नाद सोडला. भिंत दिवसा तापती अन रात्री झाडाला ऊब देती, थंड मुलखात फळ पिकायचं ते ह्या भिंतीच्या जिवावर. तसंच ताज्या शेणखताच्या उबेवर अन काचेच्या झाकणाखाली ऐन हिवाळ्यात शतावरीचे कोंब काढायचे राजासाठी. आपण शेडनेट टाकून लई शहाणे समजतो. मधला चौक खोलगट हाय अन कडेनं उंच ओटा, त्याच्यावरनं राजा माळ्यांचं काम बघत फिरायचा. आई ओट्यावर बाकड्यावर बसंल, आण्णा खाली जातील. तिथंच दुकानात मळ्यातली फळं-भाजी अन जॅम विकायला असतात.

नागसेनवन:
खाम_काठ यांनी छान लिहिलंय. एकच जोडतो, तिथं गेलं की लोक हमखास म्हणतात की आपल्या घटनेतलं स्वातंत्र्य-समता-बंधुता इथनं आलं. बाबासाहेबांनी 1954 च्या आकाशवाणीच्या भाषणात स्वच्छ सांगितलंय की ही तत्त्वं मी फ्रेंच राज्यक्रांतीतून उसनी घेतली नाहीत, माझे गुरू बुद्ध यांच्याकडून घेतली. तेवढं भावाला सांगून ठेवा, गाइडशी वाद होईल :) बाकी इंग्लंड-फ्रान्सचा 1783 चा तहसुद्धा ह्याच गावचा, त्यात पुद्दुचेरी फ्रेंचांना परत मिळाली, ते गाइड सहसा सांगत नाहीत.

लातूरची_लेक:
स्टेशनचं कोणीच सांगितलं नाही! व्हर्सायला मुख्य अशी तीन स्टेशनं आहेत. राजवाड्याजवळचं शातो रिव्ह गोश. आम्ही काय केलं, आरईआर सी (पॅरिसची लोकल) आली, पाटीवर व्हर्साय दिसलं, बसलो. ती निघाली दक्षिणेकडनं वळसा मारून शांतिये स्टेशनला जाणारी. दोन्ही सी, दोन्हीवर व्हर्साय. सासूबाई म्हणाल्या अगं मघापासून शेतंच दिसायलीत, तेव्हा कळलं. वरून शांतियेपासून वाड्यापर्यंत चालत पाऊण तास, कारण आम्ही चारदा बसलो. पाटीवर अख्खं नाव वाचूनच चढा.

आईसाठी सें-लुई भाग बरा, बाजाराच्या उलट्या बाजूला. शांत गल्ल्या, बुटकी दुकानं, अन 1754 ला पुरं झालेलं मोठं चर्च, मनोऱ्यांची डोकी कांद्यासारखी. सोमवारी हे, मग स्विस तलावाच्या कडेला बसायचं. खाण्याचं म्हणाल तर बाजारात पाव, फळं, ऑलिव्ह मिळतात. चीज विचारूनच घ्या, बऱ्याच चीजमध्ये दूध फाडायला वासराच्या पोटातलं रेनेट घातलेलं असतं, अन केक-बिस्किटात अंडं हमखास. घरनं धपाटे न्या.

मोंढा_परभणी:
लई उपकार झाले सगळ्यांचे. तिकीट बदललं, रविवारी दुपारी दोनचं भेटलं. सकाळी बाजार, सोमवारी सें-लुई आन बागा, मंगळवारी मळा आन ते टेनिस. आईनं आत्ताच धपाट्याचं पीठ काढलंय, जायला अजून महिना हाय. दही घालून केलेले चालतात का तिकडं?

लातूरची_लेक:
दही-तूप काहीच नको हो, युरोपात बाहेरनं दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. पाण्यात भिजवा, तीळ-ओवा जास्त घाला अन शेंगदाण्याची चटणी कोरडी. लोणच्याला दोन पिशव्या.

मोंढा_परभणी:
बरं. आन मोसंबी_जालना भाऊ, तुमचं आण्णांना वाचून दाखवलं, तवापासून त्यांनी छाटणीची कात्री काढून ठेवलीय. हँडबॅगेत चालंल का?

मोसंबी_जालना:
मोठ्या बॅगेत टाका. पण नाशपातीपासून चार हात लांब उभं करा त्यांना.