मदत हवी आहे : गुळाचा रवा, फळी आणि 544 टक्के कार्यक्षमता

नमस्कार मंडळी, मी कोल्हापुरात आयटीआयला फिटर ट्रेडला आहे, वर्कशॉप कॅल्क्युलेशनच्या पेपरला चारच दिवस राहिलेत आणि सिंपल मशीनची गणितं सुटंना झालीत. नुसतं वाचून डोक्यात शिरंना म्हणून रविवारी काकांच्या गुऱ्हाळावर खरंखुरं मोजून बघितलं. गुळाचा रवा, म्हणजे ढेप, 30 किलोचा, ट्रॉली जमिनीपासून 1 मीटर उंच, तिला 3 मीटरची फळी लावली, रव्याला गोणपाट गुंडाळून दोरी बांधली आणि मधे स्प्रिंगचा काटा अडकवला. ओढताना काटा 18 किलोवर थरथरत होता, तीनदा ओढून बघितलं, 18च.

आता रवा चढवायचं काम 30 गुणिले 9.8 गुणिले 1, म्हणजे 294 ज्यूल. मी केलेलं काम 18 गुणिले 3, म्हणजे 54. भागून कार्यक्षमता आली 544 टक्के! कुठंतरी चुकतंय एवढं कळतंय पण कुठं ते सापडंना.

दुसरं म्हणजे घर्षण नसतं तर 10 किलोतच भागलं असतं, मग फळीनं काम वाढतंय का कमी होतंय? वाढत असेल तर हमाल लोक फळी लावतात कशाला? आणि काकांनी 6 सेकंदात चढवला, मला 12 लागले, तर पॉवरला कुठला आकडा धरायचा? कुणीतरी नीट सांगा, लई अडलंय.

प्रतिसाद 1 :
भावा, मोजलंयस झकास, चूक एकच. 30 ला 9.8 नं गुणलंस आणि 18 ला तसंच सोडलंस. काट्यावरच्या किलोचे पण न्यूटन करायचे, 176.4 झाले, गुणिले 3 म्हणजे 529.2 ज्यूल. 294 भागिले 529.2, साधारण 55.6 टक्के. ताळा बघ, मेकॅनिकल अॅडव्हान्टेज (वजन भागिले लावलेला जोर) 30 भागिले 18 म्हणजे 1.67, व्हेलॉसिटी रेशो (ओढलेलं अंतर भागिले चढलेली उंची) 3, भागलं की तेच येतंय.

काम वाढलंच की, 235 ज्यूल घर्षणात गेले. पण फळी काम वाचवायला नसतेच, जोर वाचवायला असते. दिवसभर रवे भरणाऱ्याच्या कमरेला 30 आणि 18 मधला फरक बरोबर कळतो. पॉवरला प्रश्न नीट वाच, माणसाची विचारली तर 529.2 भागिले 6, काकांची 88.2 वॅट, तुझी 44.1. उपयोगी पॉवर विचारली तर 294 धर, काकांची 49. हॉर्सपॉवर मागितली तर वॅटला 746 नं भाग.

धागाकर्ता :
सुटलं दादा, मनापासून आभार! पेपर झाला की रव्याखाली पाइपाचे तुकडे घालून परत ओढतो, काटा 18 वरनं किती खाली येतोय ते इथंच टाकतो.