सुनौलीच्या नाक्यावरचे तीन अनोळखी: कादंबरीत हे पटतं का?

पारिजात: कादंबरीचा पहिला खर्डा हातावेगळा झालाय. भारत-नेपाळ सीमेवरच्या सुनौलीच्या नाक्यावर बस रखडते. एक निवृत्त शिक्षिका, एक ट्रकचालक, एक नर्स; कोणी कोणाला ओळखत नाही. पंधरा वर्षांची एक मुलगी 'काकां'बरोबर रिक्षातून उतरते. तिच्या कोऱ्या चपलेच्या तळाला किमतीची चिठ्ठी तशीच चिकटलेली आहे, ती नर्सला दिसते. तो तिला विकायला नेतोय असा संशय येऊन पुढे तिघं मिळून त्या माणसाची वाट अडवतात. मैत्रीण म्हणाली, परक्यांनी येऊन सोडवणं खोटं वाटतं. मला ते खरं वाटतं. भारत-नेपाळ सीमा सुमारे १,७५० किलोमीटर लांब, दोन्ही देशांच्या नागरिकांना पासपोर्ट-व्हिसा लागत नाही. तिथे पोलीस कुठे कुठे पुरणार?

खडीसाखर: मैत्रिणीचं बरोबर आहे. तुमच्या सांगण्यात चप्पल आहे, मुलीचा आवाज नाही. १९९६ मध्ये मुंबईतल्या कुंटणखान्यांवर छापे पडले आणि शेकडो मुली बाहेर काढल्या गेल्या. त्यातल्या नेपाळच्या मुली महिनोन्‌महिने सुधारगृहांत अडकून पडल्या, कारण त्यांचं सरकार त्यांना परत घ्यायला कचरत होतं. 'सुटका' झाली म्हणतात ती ही! त्यांच्यातल्याच काही जणींनी परत जाऊन मुलींच्या विक्रीविरुद्ध काम करणारा 'शक्ती समूह' उभा केला. २०१३ मध्ये त्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. नायिका शोधायला नर्सकडे कशाला जायचं?

दीपमाळ: खडीसाखर, मुद्दा मोलाचा आहे, पण अनोळखी माणसांना इतकं झटकून टाकू नका. नेणारा बरेचदा ओळखीतलाच असतो, गावातला, नात्यातला, लग्नाचं किंवा नोकरीचं बोलणं घेऊन आलेला. घरच्यांचा त्याच्यावर विश्वास, मग घरातून शंका कोण काढणार? पहिला प्रश्न परकंच माणूस विचारतं. 'माइती नेपाळ' या संस्थेच्या बायका नाक्यांवर हेच काम करतात, आणि त्यांच्यात स्वतः यातून गेलेल्याही असतात. दोघांना बाजूला घेऊन वेगवेगळं विचारायचं: गावाचं नाव, काकूचं नाव, कुठे उतरणार. उत्तरं जुळली नाहीत की कळतं. नेपाळीत माइती म्हणजे माहेर, हे समजलं तेव्हा मी बराच वेळ सुन्न होते.

उंबरठा: आणि जुळली नाहीत म्हणून रोखलेली प्रत्येक मुलगी विकली जात होती का? कितीतरी जणी पोटासाठी निघालेल्या असतात आणि घरून परवानगी नाही म्हणून खोटं बोलतात. २०१२ मध्ये नेपाळने तिशीच्या आतल्या बायकांना घरकामासाठी आखाती देशांत जायला बंदी घातली. बायका थांबल्या नाहीत, भारतातून चोरवाटेने गेल्या, म्हणजे दलालाच्या हातात आणखी घट्ट सापडल्या. पारिजातताई, मुलगी पंधराची ठेवलीत म्हणून तुमचं काम सोपं झालंय. तिला बावीसची करा. ती नर्सला म्हणते, "मी माझ्या मर्जीने चाललेय." आता अडवायचा हक्क कुणाला?

दीपमाळ: फसवून किंवा धाक दाखवून मिळवलेली मर्जी कायदा धरत नाही. २०१३ च्या दुरुस्तीने भारतीय दंड संहितेच्या कलम ३७० मध्ये ते स्पष्ट लिहिलं, आता तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्येही आहे.

उंबरठा: फसवलंय हे नाक्यावरच्या दहा मिनिटांत ठरवणार कोण? कायद्याकडे कोर्ट आहे. तुमच्या नर्सकडे एक चप्पल आहे.

खडीसाखर: नेमकं हेच. तिला विचारल्याशिवाय कुणालाच कळणार नाही.

पारिजात: दोन रात्री ते प्रकरण पुन्हा लिहिलं. तरी अनोळखी माणसं मी काढणार नाही. कुणीच काही विचारलं नाही, असा नाका माझ्याच्याने लिहवणार नाही. पण मुलगी बावीसची केली आणि प्रकरण तिच्या नजरेतून मांडलं, तर नर्स वाट अडवत नाही, शेजारी येऊन बसते आणि तिला पत्ता विचारते. मुलीला पत्ता सांगता येत नाही. ती चप्पल उलटी धरून नखाने चिठ्ठी खरवडत बसते. यापुढचं अजून सुचलेलं नाही.