मानेच्या ऑपरेशनमध्ये खांद्याची नस कितपत जपायची?

सांजवात
जिभेच्या कॅन्सरसाठी दीड वर्षापूर्वी माझ्या मानेच्या उजव्या बाजूच्या गाठी (लिम्फ नोड्स) काढल्या. कागदावर स्वच्छ लिहिलंय, 'स्पायनल ॲक्सेसरी नर्व्ह शाबूत', म्हणजे खांदा उचलणारी नस शाबूत. तरी पुढचे पाच महिने केस विंचरायचे तर डाव्या हाताने उजवं कोपर वर ढकलावं लागायचं. आवाज, गिळणं, व्रण, सगळं आधी समजावलं होतं. खांद्याचा मात्र कुणी उच्चारही केला नाही. माझं मत ठाम आहे: आधीच्या तपासण्यांत मानेत आजार दिसत नसेल, तर या नसेच्या मागे-वर असलेल्या, डॉक्टर ज्याला लेव्हल २ब म्हणतात त्या कप्प्याला हात लावू नये. तिथे पोचायला नस उचलून बाजूला धरावी लागते, आणि ती ताणली जाते ती तिथेच.

शल्यक
ताई, तुमचा त्रास खरा आहे, पण निष्कर्षाशी मी सहमत नाही. १९०६ साली क्राइल यांनी मांडलेल्या ऑपरेशनमध्ये गाठींबरोबर ही नस, मानेचा मोठा स्नायू आणि गळ्यातली आतली मोठी शीर, सगळंच जायचं. पुढे १९६०च्या दशकात सुआरेझ यांनी दाखवलं की गाठी आवरणांच्या थरांत असतात, ते थर सोलून काढले की बाकीचं ठेवता येतं. म्हणून आज आपण नस वाचवतो. पण मान अर्धवट साफ करणं, म्हणजे काही गाठी तशाच ठेवणं, ही वेगळी गोष्ट. टाटा मेमोरियलच्या २०१५च्या अभ्यासात सुरुवातीलाच मान साफ केलेल्यांपैकी ३ वर्षांनी ८० टक्के जिवंत होते. गाठ येईपर्यंत थांबलेल्यांत ६७.५ टक्के.

सांजवात
डॉक्टर, तो अभ्यास आधी काढायच्या की नंतर, याचा होता. २बचा नव्हता. मी 'काढू नका' म्हणतच नाहीये, एक कप्पा सोडा म्हणतेय.

शल्यक
हे बरोबर, तो आकडा इथे लावायला नको होता. मानेत काही दिसत नसताना २बमध्ये आजार क्वचितच सापडतो, हेही मान्य. पण शेजारच्या २अ कप्प्यातली गाठ ऑपरेशनच्या वेळी संशयास्पद वाटली, तर मी २ब सोडणार नाही. आणि नस गाठीलाच चिकटलेली असेल तर ती कापणार, जमल्यास कानाजवळच्या संवेदनेच्या नसेचा तुकडा मध्ये जोडणार.

पाठराखण
माझ्या भावाचा आजार त्याच बाजूला मानेत परत आला. दुसऱ्या ऑपरेशनला सगळं एकमेकांत चिकटलेलं होतं. नस गेली ती गेलीच, शिवाय किती दिवस उरले कुणी सांगेना. मला विचाराल तर खांदा आनंदाने देऊन टाका. इथे 'हात वर जात नाही' वाचून राग येतो, क्षमा करा.

फिजिओ_मैत्रीण
पाठराखण, तुमचा राग समजतो. पण रोज बघते त्यातलं सांगते. नस न कापताही ताणाने किंवा रक्तपुरवठा कमी झाल्याने 'झोपते'. उठायला कधी काही आठवडे, कधी वर्षभर. तोवर ट्रॅपेझियस (मानेपासून खांद्यापर्यंतचा, खांदा उचलणारा स्नायू) ढिला, खांदा खाली उतरलेला, फऱ्याचं हाड मागे फुगलेलं, हात बाजूने काटकोनाच्या वर जाईना. आणि दुखतो म्हणून रुग्ण हात पोटाशी धरून बसतात. तिथे दुसरं संकट येतं: सांधाच आखडतो. मग नस जागी झाली तरी हात अडकलेलाच. सर्जनची परवानगी मिळताच दुसऱ्या हाताच्या आधाराने हलवणं, नंतर हळूहळू वजन. त्या बाजूला जड पिशवी लटकवू नका. सांजवातताईंचे पाच महिने कदाचित कमी झाले असते, पण त्यांना माझ्यासारख्या कुणाकडे पाठवलंच नव्हतं ना?

सांजवात
नाही. चौथ्या महिन्यात मी स्वतःच शोधत गेले.

शल्यक
यावर वाद नाही. हे आमच्याकडून राहून जातं. ऑपरेशनआधी दोन्ही हात वर करून बघणं, मोजून नोंदवणं, एवढंही होत नाही. २बवर मी अजून तिथेच आहे.

सांजवात
मीही.