गावात दोन अंगणवाड्या आहेत, मुलीला कुठे घालू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही माण तालुक्यात राहतो, गाव छोटंच. मुलगी आत्ता तीन वर्षांची झाली, इतके दिवस घरपोच आहाराची पाकिटं मिळायची, आता रोज अंगणवाडीत बसवायचीये आणि माझं काही केल्या ठरत नाहीये.

एक अंगणवाडी गावठाणात, झेडपी शाळेच्या आवारातच. पक्की खोली, भिंतीवर चित्रं, नळ, संडास, सगळं नीट. पण पोरं भरपूर, मदतनीस ताई खिचडीच्या मागे आणि सेविका ताई एकट्याच सगळ्यांना धरून. मी गेले तेव्हा पोरं रांगेत बसून मोठमोठ्याने एबीसीडी म्हणत होती, मागची दोघं-तिघं नुसतीच बघत बसलेली. आमची तशीच मागे बसणार, नवीन माणसापुढे तोंडच उघडत नाही ती.

दुसरी मळ्याच्या वस्तीवर. आधी मिनी होती, म्हणजे मदतनीस नाही, सेविकाच सगळं बघायच्या, आता मोठी झालीये. खोली पत्र्याची, उन्हाळ्यात तापते, पाणी शेजारच्या घरून आणतात. पण तिथल्या ताईंनी चिंचोके ओतले आणि म्हणाल्या सगळ्यांना सारखे वाटा, तर एक एवढासा पोरगा "ह्याला कमी पडला" म्हणून स्वतःतला काढून देत होता. ताई एकेकाला नावाने विचारत होत्या, शेळी व्याली का, आजी आली का गावाहून. माझ्या ओढणीमागे लपलेली आमची बया थोड्या वेळाने आपणहून चिंचोके उचलायला गेली!

सासूबाई म्हणतात गावठाणातच घाल, तिथे लिहायला शिकवतात. जावेचा मुलगा तालुक्याला इंग्लिश मिडियमच्या नर्सरीत जातो त्यामुळे घरात तोही विषय रोज निघतो. मला मात्र मनापासून वाटतं की एवढ्या लहान हातात पेन्सिल द्यायची घाई नको, २०२० च्या शैक्षणिक धोरणातही तीन ते सहा वर्षं खेळातूनच शिकवायचं म्हटलंय आणि पहिलीला सहा पूर्ण लागतात, मग पळायचं कशाला?

आता अडचण अशी की आमचं घर गावठाणाच्या अंगणवाडीच्या सर्व्हेत येतं, पोषण ट्रॅकरवर (अंगणवाडीच्या नोंदींचं सरकारी ॲप) मुलीचं नाव तिथेच आहे. ते वस्तीवर ट्रान्सफर करून मिळतं का, कोणी केलंय का? सेविका करतात की मुख्यसेविकांना, म्हणजे त्यांच्या वरच्या पर्यवेक्षिकांना, भेटावं लागतं? गावठाणातल्या ताईंना वाईट वाटेल ह्याचंही मनात आहे, माझ्या बाळंतपणात वजन, गोळ्या सगळं त्यांनीच बघितलं.

आणि मुलीचं वजन जरा कमी आहे. आहार नियमाने दोन्हीकडे सारखाच, पण ताटात खरंच ठरल्याएवढं पडतं का हे आईने कसं बघायचं? वस्तीच्या वाटेत ओढा आहे, पावसात पाणी आलं की दोन-तीन दिवस जाता येत नाही, तेवढे खाडे झाले तर नावावर किंवा आहारावर काही परिणाम होतो का? सेविका, मदतनीस कोणी वाचत असतील तर प्लीज सांगा, सोमवारी नाव घालायला जायचंय.