किलिमांजारो सप्टेंबरात: ६ दिवस की ७? आणि गुडघ्यांचं काय करू? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे, आधीच सांगते.

मी (वय ४७) आणि माझ्या नणंदबाई (५१) सप्टेंबरात किलिमांजारोला जायचं म्हणतोय. टांझानियात गाईडशिवाय वर सोडतच नाहीत म्हणून कंपनी गाठली, माचामे रूटने जायचं तेही ठरलं, घोडं अडलंय ते दिवसांवर. सहा दिवसांचा आणि सात दिवसांचा असे दोन प्लॅन आहेत, पार्कची फी दिवसाच्या हिशोबाने लागते त्यामुळे सहाचा बराच स्वस्त पडतो आणि नणंदबाईंची रजाही वाचते. त्यांचं म्हणणं, दर रविवारी आतकरवाडीतून सव्वा तासात सिंहगड चढतो आपण, आपल्याला काय धाड भरलीय.

मला मात्र धाकधूक आहे. दोन वर्षांपूर्वी मी एकटीच एका ग्रुपबरोबर हिमाचलातल्या हामटा पासला, म्हणजे हामटा खिंडीला, गेले होते. सगळ्यांच्या पुढे मीच, कॉलेजची पोरं मागे टाकून बालू का घेराच्या कॅम्पला पहिली पोचले, काय तो तोरा! रात्री नऊला डोकं असं ठणकायला लागलं की हेडलॅम्पचा पट्टा सहन होईना, खाल्लेली खिचडी बाहेर. लीडरला सांगितलं नाही, खाली धाडतील म्हणून. सकाळी ते ऑक्सिमीटर घेऊन तंबूतंबूत फिरायला लागले तर मी बोट मांडीखाली दाबून गरम करून ठेवलं, आकडा बरा यावा म्हणून (हसू नका). तरी ७४ आला. माझं तोंड बघूनच त्यांना कळलं होतं म्हणा. एका पोराबरोबर खाली पाठवलं, पास राहिला तो राहिलाच. आणि तो होता ४२७० मीटर, इथे उहुरू, म्हणजे किलिमांजारोचं सगळ्यात वरचं टोक, ५८९५. शेवटचा बराफू कॅम्पच ४६०० च्या वर आहे!

तर, एक म्हणजे दिवस किती. दुसरं, उंचीचा त्रास होऊ नये म्हणून सगळे डायमॉक्सची गोळी घ्या म्हणतात पण मला लहानपणी सल्फाच्या गोळीने अंगभर पुरळ आलं होतं, मग काय करायचं? तिसरं गुडघे. चढताना काही नाही, उतरताना उजवा कुरकुरतो, म्हणून सिंहगडावरून आम्ही पिठलं-भाकरी खाऊन जीपनेच खाली येतो. आणि विमान नैरोबीवरून आहे, यलो फीवरची लस लागेल का? जेवणाची काळजी नाही, दोघी भातावर दिवस काढू शकतो.

प्रतिसाद १
ताई, डोळे मिटून सात घ्या. मी दुबईहून जाऊन आलोय, माचामेनेच, सात दिवसांत. तिसऱ्या दिवशी लाव्हा टॉवरला ४६०० पर्यंत चढवतात आणि झोपायला परत ३९०० च्या आसपास बरांकोला उतरवतात, अंगाला सवय व्हावी म्हणून. इथपर्यंत दोन्ही प्लॅन सारखेच. सहावाले चौथ्या दिवशी बरांकोची भिंत चढून थेट बराफूला जातात आणि त्याच रात्री अकरा-बाराला टोकासाठी निघतात, म्हणजे झोप नाहीच. सातवाल्यांना मध्ये करांगाला एक मुक्काम मिळतो, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बराफूला पोचून पाठ टेकता येते. पैसे वाचवायचेच तर बूट-जॅकेट भाड्याने घ्या, हा दिवस नका वाचवू.

आणि तो सव्वा तास विसरा. तिथे गाईड दिवसभर ‘पोले पोले’ म्हणत राहतात, म्हणजे हळूहळू, आणि खरंच लग्नाच्या वरातीसारखं चालवतात. पुढे पळालात तर हामटाच होणार. बराफू म्हणजे स्वाहिलीत बर्फ, ऐकायला घरचं वाटतं, रात्री तिथे वाटत नाही. पाण्याच्या पिशवीची नळी माझी पहिल्या तासातच गोठली, साधी बाटली मोज्यात घालून उलटी ठेवा, बर्फ आधी वरच्या बाजूला धरतो त्यामुळे झाकण मोकळं राहतं.

प्रतिसाद २
मी डॉक्टर आहे पण डोळ्यांची, तेव्हा हे बेतानेच घ्या. डायमॉक्स सल्फाच्याच कुळातली. सल्फाच्या अँटिबायोटिकची ॲलर्जी असलेल्या सगळ्यांनाच तिचा त्रास होतो असं नाही, पण हे तुमच्या फिजिशियननी ठरवायचं, आणि ते हो म्हणाले तरी पहिली गोळी इथे घरी त्यांच्या सांगण्यानुसार घेऊन बघायची, तिकडे तंबूत नाही. गोळी घेतली म्हणजे कवच चढलं असंही नाही. तोल जायला लागला किंवा बसल्याजागी धाप लागली तर रात्र असो काही असो, खाली. आणि बोट गरम करणाऱ्या बाई, या वेळी गाईडला पहिल्या डोकेदुखीला सांगायचं!
नैरोबीमार्गे जाताय तर यलो फीवरचं कार्ड जवळ असू द्या. लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि सर्टिफिकेट दहा दिवसांनी लागू होतं, शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

प्रतिसाद ३
गुडघ्याकडे कोणी बघितलंच नाही. टोकाच्या दिवशी रात्रभर बाराशे मीटर चढून झाल्यावर त्याच दिवशी म्वेका कॅम्पला, ३१०० पर्यंत उतरायचं असतं. म्हणजे २८०० मीटर, चारेक सिंहगड सलग खाली. बराफूपर्यंत तर सुटी वाळू आणि खडी, पाय घसरत जातो. मी टोकावर रडलो नाही, म्वेकाला रडलो. तुमची निम्मी प्रॅक्टिस जीप करतेय. ती आधी बंद करा, पाठीवर पाच-सहा किलो घ्या, काठ्या घेऊन छोटी पावलं टाकत उतरा, आणि कुरकुर वाढली तर सप्टेंबरची वाट न बघता ऑर्थोला दाखवा.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. नणंदबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं, बोटाची गोष्ट त्यांना आजच कळली त्यामुळे आधी दहा मिनिटं बोलणी खाल्ली. सात दिवस फायनल, रजेचं त्या बघतायत. फिजिशियनची वेळ गुरुवारची घेतलीय. जीपवर मात्र वाद झाला, भाकरी खाल्ल्यावर आपल्याने उतरवत नाही म्हणाल्या. शेवटी भाकरी खाली येऊन खायची ठरलीय. आता पावसाने दगड शेवाळलेत, तर दोघींत मिळून दोन काठ्या पुरतील की प्रत्येकीला दोन घ्याव्या लागतील?