टेम्प्लरांना जादूगाराचा वास येत नाही, त्यांना कोणीतरी सांगतं

काजळी
परवा एका सदस्याने ‘ड्रॅगन एज’ या खेळांबद्दल लिहिलं की टेम्प्लरांना, म्हणजे चँट्री या धर्मसंस्थेच्या जादूगार पकडणाऱ्या शिपायांना, जादू आपोआप जाणवते, मग कर्कवॉल शहरात नायक हॉक जादूगार असून वर्षानुवर्षं मोकळा कसा फिरतो? लेखकांचा आळस, ‘ड्रॅगन एज २’ची कथा इथेच कोसळते, वगैरे. दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही.

पहिल्या भागापासून, २००९च्या ‘ओरिजिन्स’पासून बघा. सर्कलमध्ये, म्हणजे जादूगारांना पहाऱ्यात ठेवतात तिथे, आणलेल्या प्रत्येक जादूगाराचं रक्त काढून कुपीत ठेवतात. तो पळाला की त्या कुपीवरून माग. म्हणून तर शिकाऊ जादूगार जोवान पळायच्या आधी तळघरात शिरून स्वतःची कुपी फोडतो. वासच येत असता तर कुपी फोडून त्याला काय मिळणार होतं? अँडर्स नावाचा जादूगार सात वेळा पळाला आणि दर वेळी सापडला.

पण जो सर्कलमध्ये गेलाच नाही त्याची कुपी कुठून येणार? हॉकची बहीण बेथनी जादूगार, तिला बापाने लपवून वाढवलं. कॉनरच्या आईने चँट्रीला पत्ता लागू नये म्हणून पोराला जादू शिकवायला गुपचूप माणूस ठेवला. त्यांच्या रेडक्लिफच्या गढीत एवढी वर्दळ, तरी बाहेर अक्षर फुटलं नाही. आणि फेनरिएल? त्याला सर्कलमध्ये पाठवायचं त्याच्या आईनेच ठरवलं, म्हणून पोरगा घर सोडून पळाला. अँडर्सचा मित्र कार्ल, त्याला तर ट्रँक्विल करून, म्हणजे जादू आणि भावना दोन्ही काढून घेऊन, चँट्रीत उभा केला आणि अँडर्ससाठी आमिष बनवला. ‘अवेकनिंग’मध्येही तेच, ‘तुझी कुपी अॅमरँथाइनमध्ये आहे’ अशी खबर अँडर्सपर्यंत पोचवली आणि आत टेम्प्लर टपून. शिकार अशी चालते. खबर, आमिष आणि घाबरलेली घरची माणसं.

रात्रपाळी
लेख चांगला आहे, पण मूळ मुद्द्याला बगल दिलीत. तो सदस्य वासाबद्दल चुकला असेल, हॉकबद्दल नाही. माझा हॉक पाठीला जादूगाराचा दंड लावून गॅलोजमध्ये, टेम्प्लरांच्या ठाण्यात, त्यांच्या समोरून जातो. रात्री भर रस्त्यात आगीचे लोळ फेकतो. ते ओळखायला खबऱ्या कशाला हवा? डोळे पुरतात.

आणि खेळात हे दाखवता येत नाही असंही नाही. २००० सालच्या ‘बाल्डर्स गेट २’मध्ये अथकाटलाच्या रस्त्यावर परवान्याशिवाय मंत्र टाकला की काउल्ड विझर्ड्स, शहरातल्या जादूवर पहारा ठेवणारे जादूगार, हजर. एकदा ताकीद, नंतर मारामारी. मी तेव्हा शाळेत होतो, ताकीद नीट वाचलीच नाही, दुसऱ्या मंत्राला माझी अख्खी टोळी आडवी. नंतर ५००० सुवर्णमुद्रा जमवून परवाना घेतला, तो दिवस अजून लक्षात आहे. त्या शहरात जादूगार असण्याची भीती वाटायची. कर्कवॉलमध्ये भीती फक्त संवादात आहे, रस्त्यावर नाही.

काजळी
घरात शिरून मंत्र टाकला तर तेच काउल्ड विझर्ड्स येत नाहीत. पुरोहिताच्या मंत्रांना तर रस्त्यावरही हरकत नाही. याला शोध म्हणत असाल तर म्हणा, मला ती जकात वाटते. ५००० भरले की तुम्ही मोकळे. बेथनीला असा कुठला परवाना मिळणार होता?

तिरसट
दोघंही लिरियम विसरलात, चँट्री टेम्प्लरांना देते ते व्यसन लावणारं द्रव्य. शोध, कुपी, खबरी हे नंतरचं. लिरियम नसेल तर टेम्प्लर म्हणजे चिलखत घातलेला शिपाई. मंत्र मोडायची ताकद त्यातून येते.

पाणकावळा
टेम्प्लरांकडे शिकलेला अॅलिस्टेअर? एक थेंब घेत नाही, तरी ‘ओरिजिन्स’मध्ये टेम्प्लरची सगळी कौशल्यं वापरतो. चँट्री लिरियम देते ती टेम्प्लरांना बांधून ठेवायला, हा संशय तो स्वतः बोलून दाखवतो.

तिरसट
ते २००९चं झालं. २०१४च्या ‘इन्क्विझिशन’मध्ये काय दाखवलंय? लिरियम सोडलं की माजी टेम्प्लर कलन खचतो. सैन्याचा सेनापती आहे तो. मी प्रत्येक खेळात त्याला लिरियम परत घ्यायला सांगतो. जग बुडतंय, तुमचं मन सांभाळायची ही वेळ नाही. यात चूक काय ते सांगा.

पाणकावळा
चूक ही की तुम्ही घरात व्यसन पाहिलेलं नाही.

माझ्या वडिलांनी दारू सोडली तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. पहिले काही आठवडे हाताला इतका कंप की चहाचा कप आई धरायची. कामावर दांड्या पडल्या. घरातलेच एक ज्येष्ठ म्हणाले, थोडी घेत जा, निदान नोकरी तरी टिकेल. वडील उठून आतल्या खोलीत गेले. कलन लिरियमची पेटी फेकतो तो प्रसंग मला एका बैठकीत पुरा करता आला नाही. आणि तो बेजबाबदार नाहीये, साहेब. मी ढळलो तर माझ्या जागी दुसरा नेमा, असं सहकारी कसँड्राला त्यानेच आधी सांगून ठेवलेलं असतं. ‘परत घे’ म्हणणं हा डाव असेल तुमच्यासाठी. मला ते वाक्य निवडताच येत नाही.

तिरसट
इथे खेळाची चर्चा चालू आहे. घरचं दुःख मध्ये आणलं की समोरच्याने तोंडच उघडायचं नाही, असं आहे का?

काजळी
तिरसट, एवढं वाचून हे लिहायची गरज होती?

रात्रपाळी
विषय टेम्प्लर जादूगाराला कसे शोधतात हा होता. कलनसाठी वेगळा धागा काढा.

पाणकावळा
विषय तोच आहे. जो टेम्प्लर उद्याच्या लिरियमसाठी चँट्रीकडे हात पसरतो तो वरून हुकूम आल्यावर कोणाचंही दार तोडेल. त्याला नाही म्हणायची सोयच ठेवलेली नाही. शिकारी असा तयार होतो.

तिरसट
बरं. वडिलांबद्दल वाईट वाटलं, ते लिहायला हवं होतं, राहिलं. कलनबद्दल माझं मत आहे तेच आहे.

काजळी
रात्रपाळी, आता तुमचं. रस्त्यावरच्या आगीच्या लोळांना माझ्याकडे उत्तर नाही. तो दोषच आहे आणि तो मला पहिल्यांदा खेळले तेव्हापासून खुपतो. पण त्यावरून कथा कोसळते हे मान्य नाही. मी बेथनीला डीप रोड्समध्ये, जमिनीखालच्या बोगद्यांच्या मोहिमेवर, नेलं नव्हतं. आई म्हणाली, तिला ठेव, मी ठेवलं. परत आले तर टेम्प्लर घरात उभे, आणि बेथनी मलाच समजावतेय की भांडू नकोस. त्या रात्री मी जुना सेव्ह उघडून तिला सोबत नेलं. तिला वाचवू शकणारा अँडर्स सोबत नव्हता, त्यामुळे ती तिथेच मेली. मी खेळ महिनाभर उघडला नाही.

रात्रपाळी
फेनरिएलची आई मी विसरलो होतो. खबरीचा मुद्दा तेवढ्यापुरता घेतो. लोळांचा मागे घेत नाही.

उंबरठा
परवाचं ते लिखाण माझं. जादू जाणवते हे मी कुठेतरी वाचून धरून बसलो होतो. काल ‘ओरिजिन्स’ जादूगार घेऊन पुन्हा सुरू केला. जोवानची कुपी फोडून वर आलो तर टेम्प्लरांचा प्रमुख ग्रेगर आपली माणसं घेऊन दारातच उभा. त्यांना कसं कळलं म्हणून मी हे सगळं लिहायला बसलो होतो. मग आठवलं, तासाभरापूर्वी सर्कलचा प्रमुख अर्व्हिंग, त्याच्या खोलीत जाऊन जोवानचा बेत मीच सांगून आलो होतो.