डायनिंग टेबल घ्यावं का? बाबांचे गुडघे आणि आईचा नकार

मंगळवारपेठकर:
नमस्कार मंडळी, प्रश्न घरगुती आहे पण दोन महिने डोक्यात तोच घोळायलाय म्हणून विचारतो. घर जुनं, स्वयंपाकघर 10 बाय 12, त्याला लागून बाहेरची खोली. आम्ही पाच जण, आई बाबा, मी, बायको आणि सातवीतला मुलगा. आजवर सगळे आत खाली बसूनच जेवलो, आजोबांच्या वेळचे पाट अजून आहेत. मार्चमध्ये बाबांचे दोन्ही गुडघे बदलले, डॉक्टरांनी सांगितलं आता मांडी घालून बसणं बंद. तेव्हापासून बाबा बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर, पुढं स्टूल, स्टुलावर ताट, समोर टीव्ही. आणि आम्ही चौघं आत. आधी वाटलं महिनाभराचा प्रश्न आहे, पण आता तीच सवय पडली. बाबा जेवताना बोलतच नाहीत, बोलणार तरी कुणाशी. आमटी संपली की वाटी स्टुलावर वाजवतात आणि आई हातातला घास ठेवून उठते. तो आवाज आला की मला जेवण जात नाही बघा. लहानपणी बाबा दुकान बंद करून कितीबी उशिरा आले तरी आम्ही भावंडं जेवायची थांबायचो, आणि आता त्यांनाच एकट्याला बाहेर बसवलंय.

म्हणून टेबल घ्यायचं म्हणतोय. आई नको म्हणते. ती अजून खाली बसूनच विळीवर भाजी चिरते, परातीत भाकरी थापते, तिची जागाच जाईल. दुसरं म्हणजे रविवारी आत्या, चुलतभाऊ आले की दहा-बारा पानं होतात, तांबडा-पांढरा असला की कोण मागं राहतंय. टेबलावर सहा बसणार, बाकीच्यांनी काय त्यांच्या तोंडाकडं बघत उभं राहायचं? आईचं हे मला पटतंय, आणि टेबलबी हवंय. काय करावं, केवढं घ्यावं, लाकूड कुठलं?

रंकाळाकाठ:
आधी दुकानात जाऊ नका. रद्दीचे पेपर चिकटवून टेबलाच्या मापाचा तुकडा करा, स्वयंपाकघरात जमिनीवर अंथरा आणि चार दिवस तो तसाच ठेवून वावरा. आम्ही मापं न घेता सहा खुर्च्यांचं आणलं, फ्रीजचं दार अर्धंच उघडायचं, शेवटी दोन खुर्च्या माळ्यावर टाकल्या. माणशी 24 इंच रुंदी लागते, आणि खुर्ची मागं सरकवून माणूस उठायला टेबलाच्या कडेपासून 3 फूट. हे 3 फूट सगळे विसरतात.

सुतारकाम30वर्षं:
वरचं माप बरोबर. पाच जणांना 5 फूट बाय अडीच फूट पुरतं. ओटा 10 फुटी भिंतीला असेल तर समोरच्या भिंतीला दीड फुटी बाकडं, मग टेबल, अलीकडच्या बाजूला खुर्च्या. बाकडं दीड, टेबल अडीच, खुर्चीला 3, झाले 7 फूट. ओटा 2 फुटांचा धरला तरी मधे चालायला 3 फूट उरतात. आणि टेबल 5 फुटी असल्यामुळं बाजूला 5 फूट मोकळे, तिथं आईंची परात आणि विळी आरामात बसते. त्यांची जागा घेऊ नका, ती आधी आखा आणि मग टेबल.

आता उंची. टेबल 30 इंच, खुर्चीची बैठक 18 इंच. गुडघे बदललेल्या माणसाला यापेक्षा खाली नको, उठताना जोर पडतो. बाबांच्या खुर्चीला हात पाहिजेतच, त्यावर भार देऊन उठता येतं. पण घेताना खुर्ची टेबलाखाली सरकवून बघा, टेबलाच्या खालच्या पट्टीला खुर्चीचे हात अडकतात, मग माणूस ताटापासून लांब बसतो आणि रस्सा शर्टावर. हे गिऱ्हाईक घरी नेल्यावर येऊन सांगतात.

लाकडात सागवानाला तोड नाही, पण महाग. रबरवूड म्हणजे चीक काढून म्हातारी झालेली रबराची झाडं, वाईट नसतं, फक्त सतत ओलं राहू देऊ नका. पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, मात्र नकोच. 2019 च्या पुरात कोल्हापुरात नागाळा पार्कात, शाहूपुरीत घरं पाण्यात गेली, पाणी उतरल्यावर लोकांनी दुरुस्तीला बोलावलं तेव्हा बघितलंय, सागवानी टेबलं धुऊन वाळवून पॉलिश करून परत वापरात आली आणि बोर्डाची फर्निचरं पाव भिजल्यासारखी फुगलेली. तुमच्याकडं पूर येत नाही, पण रोजची ओली फरशी तेच काम हळूहळू करते. वर सनमायका मारून घ्या, नुसत्या पॉलिशवर गरम पातेलं ठेवलं की पांढरा डाग उठतो. तरीबी खाली अडणी ठेवा. काच नको.

बावड्याचीसून:
माप, लाकूड सगळं मिळालं तुम्हाला, मी दुसरंच सांगते. आमच्यात टेबल येऊन आठ वर्षं झाली. सासरे, दीर, मुलं टेबलावर, आणि सासूबाई आणि मी ओट्यापाशी गरम भाकरी द्यायला उभ्या. पूर्वी खाली बसायचो तेव्हा निदान चूल, आय मीन शेगडी, खालीच होती, भाकरी करता करता बोलणं तरी व्हायचं. टेबल आल्यावर आमची पाठ झाली सगळ्यांकडं. शेवटी सासूबाईच म्हणाल्या की भाकरी आधी करून टोपलीत फडक्यात गुंडाळून टेबलावर ठेवायची, आणि दोघी बसल्याशिवाय कुणी घास घ्यायचा नाही. दीर आठ दिवस कुरकुरले, तव्यावरची पाहिजे म्हणून. आता तेच टोपली आणून ठेवतात. तुमच्या आई टेबलावर कुठं बसणार हे ठरवलंय का हो? पोस्टमध्ये बाबांचं सगळं आलंय, आईंच्या परातीचं आलंय, त्यांच्या खुर्चीचं नाही आलं.

जुनाराजवाडा:
भावा टेबल येईल तेव्हा येईल, आज रात्री बाबांची खुर्ची आणि स्टूल उचलून आत आण की. तू पण एक खुर्ची घेऊन शेजारी बस. एवढ्यासाठी दोन महिने थांबलास होय. आणि रविवारची पंगत बाहेरच्या खोलीत खालीच घाला, ती मोडू नका, फक्त बाबांबरोबर अजून दोघं-तिघं वर बसवा म्हणजे झालं.

मंगळवारपेठकर:
सगळ्यांचे लई आभार. बावड्याच्या ताई, तुमचं वाचून गप्पच झालो, खरंच विचार केला नव्हता. आईला विचारलं तर म्हणाली मला भिंतीकडचं बाकडं, तिथनं दार दिसतंय.

काल रात्री खुर्ची आत आणली. मी आणि मुलगा बाबांच्या दोन बाजूला स्टूल घेऊन, आई आणि बायको खालीच बसल्या समोर. बाबांनी आमटीला मीठ जास्त झालंय म्हणून सांगितलं, मार्चपासून पहिल्यांदा जेवणाबद्दल बोलले. मग मुलाला दुकानातल्या जुन्या गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगत बसले, ताट वाळून गेलं तरी कुणी उठेना. पेपर अंथरलेत, आई त्यावरनं वळसा घालून जातेय. सुतारदादा, बाकड्याला पाठ करून घेऊ का नुसतं भिंतीला टेकवलं तर चालेल?

सुतारकाम30वर्षं:
पाठ करा. पावसाळ्यात भिंत ओल धरते, आईंच्या पाठीला गार लागेल. आणि बाकडं भिंतीपासून दोन बोटं सोडून ठेवा.